खेळ कोणाचा?

हातकणंगल्याच्या एखाद्या माळावर सायंकाळी रंगलेला क्रिकेटचा डाव पाहिला, तर हा खेळ परदेशातून आला आहे, असे कोणासही वाटणार नाही. परंतु इंग्रजी अमदानीत क्रिकेट, टेनिस, पोलो, बिलियर्ड्‌स ही गोऱ्या साहेबांची करमणूक होती. मुंबईस १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात त्या काळी युरोपियनांखेरीज कोणालाही सभासद होता येत नसे. ज्या मैदानावर हिंदी तरुण क्रिकेट खेळत, तेथेच साहेब लोक पोलोचे घोडे दौडवीत आणि टापांनी जमीन उखडून टाकीत. वस्तुतः हा पोलो साहेबांनी मणिपूरच्या लोकांकडून उचललेला होता!

खेळ मात्र कुंपणात कोंडून राहत नाही. बॅडमिंटनचेच पाहा. पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांत तो इतका लोकप्रिय झाला, की त्यास ‘पूना’ हेच नाव पडले होते. पुढे सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर याच खेळात १९५६ साली क्वालालंपूर येथे अजिंक्य ठरले. परदेशात असे विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

परंतु सारा दोष साहेबांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येईल काय? बाळू पालवणकर यांची हकिगत ऐका. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखी आणि साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी देत नसे. त्याचे कौशल्य पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यास आपल्या संघात घेतले. पण चहाच्या वेळी तंबूबाहेर उभे करून मातीच्या भांड्यात चहा दिला! गडी बाद करण्यास जो हात चालतो, तो पंक्तीस का चालू नये? याच बाळूंनी १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

मला वाटते, खेळ कोणत्या देशातून आला, हा प्रश्न गौण आहे. तो खेळण्याची संधी कोणास मिळते, हाच खरा प्रश्न होय. मुलांनो, तुमच्याही डावात कोणी नुसता चेंडू आणून देण्यापुरता उभा असतो. एखादी मुलगी कडेला थांबून नुसते पाहत असते. त्यांच्या हाती बॅट द्या. कदाचित तुमचा डाव हरेल. परंतु ज्या खेळात सर्वांना वाटा नाही, त्यातील जिंकण्याला तरी काय मोल आहे?