पावती मागा, जागा मागा, हिशेब मागा!

जळगाव-धुळ्यातल्या वाहनधारक बंधू-भगिनींनो,

मागच्या पावसाळ्यात आईला दवाखान्यात नेलं. तिला धड चालवत नव्हतं. धरून आत बसवलं, केसपेपर काढला, वीस मिनिटांत बाहेर आलो तर गाडी जागेवर नाही. टपरीवाला म्हणाला, "भाऊ, उचलून नेली." रस्त्यावर ना फलक, ना पट्टे. इमारतीच्या तळघरात पार्किंगऐवजी गोदाम. पैसे भरले, सही केली, गाडी आणली. कशावर सही केली ते वाचलं नाही. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हे पत्रक.

आधी पैसा कुणाचा ते समजून घ्या. वाहतूक पोलिसांनी केलेला दंड राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. पे अँड पार्कचं शुल्क महापालिकेचं, आणि ठेका दिला असेल तर वसुली ठेकेदाराची माणसं करतात. गाडी उचलण्याचा खर्च तिसराच. आपण मात्र एकाचा राग दुसऱ्यावर काढतो आणि जबाबदार माणूस सुटतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 प्रमाणे वाहनं उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवायच्या असतात. 2003 साली आपल्या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या. तरी चोपडा-यावलहून फुले मार्केटला किंवा साक्री-शिंदखेड्याहून आग्रा रोडला आलेला शेतकरी आजही विचारतो, गाडी लावू कुठे? राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत कोणत्या इमारतीला किती पार्किंग सोडायचं ते लिहिलेलं आहे. नकाशावर ते दाखवल्याशिवाय बांधकामाला मंजुरी मिळत नाही. मग तळघरात दुकान थाटणारा निवांत आणि त्याच्यामुळे रस्त्यावर गाडी लावणारा गुन्हेगार, हे आम्ही का सोसायचं?

शुल्काचंही तेच. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने 1954 सालीच शिरूर मठाच्या खटल्यात मांडला: शुल्क घ्यायचं ते सेवेसाठी. आखलेली जागा नाही, दरफलक नाही, छापील पावती नाही, तर पाच रुपयेसुद्धा देऊ नका.

आता दंडाबद्दल. नो पार्किंगला पहिल्या वेळी 500, पुन्हा सापडलात तर 1500 रुपये. चौकात पोलीस पैसे घेऊन प्रकरण मिटवतात, त्याला कायदा 'तडजोड' म्हणतो. तडजोड दोघांच्या मर्जीने होते. ती नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे. ई-चलन आलं तर भरण्याआधी फोटो उघडा. नंबर आपलाच आहे का? जागा, वेळ, तारीख जुळते का? दुसऱ्याच्या गाडीचं चलन आपल्या नावावर येतं, हे विसरू नका. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. शहर वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे जा. तरीही दंड मान्य नसेल तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ द्या. तिथे गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची. लोकअदालतीत रक्कम कमी होते खरी, पण तीही तडजोडच. चूक केलीच नसेल तर निम्मे तरी का भरायचे?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फलक नव्हता म्हणून रस्ता अडवायची मुभा मिळत नाही. कलम 122 त्यासाठीच आहे. रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण उचलून नेण्याची परवानगी त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायची, असं कलम 127 सांगतं. क्रेनवरच्या पोरांना तो अधिकार नाही. तेव्हा अधिकारी कोण होता, हे विचाराच. गाडी उचलली त्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढा. महिन्याने तिथे नवा फलक उभा राहिला तर तुमच्याकडे पुरावा उरणार नाही.

आणि महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरे. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. अर्जात एवढंच लिहा: "शहरातील अधिकृत वाहनतळांची यादी, प्रत्येकाचा मंजूर दर, ठेक्याच्या करारनाम्याची प्रत, गेल्या तीन वर्षांत वाहनतळांतून जमा झालेली व त्यांवर खर्च झालेली रक्कम, आणि पार्किंगची जागा इतर कामासाठी वापरणाऱ्या इमारतींना दिलेल्या नोटिसांच्या प्रती मिळाव्यात."