राजगृहाची वाट, दोघांच्या पायांनी



धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की आम्ही दोघेच राजगृहाला जाणार आहोत, असे मी मागे लिहिले होते. त्यावर काही भगिनींनी विचारले, "ताई, कोणत्या यात्रा कंपनीबरोबर?" कोणत्याच नाही. पाठीवर एकेक सॅक, रेल्वेचे तिकीट आणि आमचे चार पाय. यांची सॅक मुलाची, कॉलेजातली. माझी नवीन. चाळीतल्या बायका हसल्या, "या वयात पाठीवर दप्तर?" हसू दिले.

पूर्वी एकदा आम्ही यात्रेच्या बसने गेलो होतो. स्थळ आले की माणूस ओरडायचा, "अर्ध्या तासात परत या!" उतरायचे, वंदन करायचे, फोटो काढायचा, पळायचे. घरी आल्यावर मुलीने विचारले, राजगृह कसे होते? मला बसच्या खिडकीचा पडदा आठवला, दुसरे काही नाही. त्याची खंत मनात होती. दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी बांधलेले 'राजगृह' आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या घराला ज्या नगरीचे नाव दिले, ती नगरी मी नीट पाहिलीच नव्हती.

दुसरे कारण घरातले. यांना मधुमेह होऊन आठ वर्षे झाली. गेल्या वर्षी पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती दोन महिने भरेना. भरली, पण मनातली भीती गेली नाही. घर ते बस स्टॉप, एवढेच चालणे उरले. डॉक्टर म्हणत, आता चाला. मी म्हणे, चाला. ऐकतो कोण? एक दिवस राजगृहाचा विषय निघाला आणि आपणच म्हणाले, "जायचे तर या वेळी चालत बघू." मी लगेच तिकिटे काढायला लावली, मत बदलायच्या आत.

मोठे सामान धर्मशाळेत ठेवून सकाळी सहाला निघालो. एका सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, चपात्या, शेंगदाण्याची चटणी, यांच्या गोळ्या, साखर कमी झाली तर म्हणून ग्लुकोजची पुडी आणि जाड मोज्यांचा जादा जोड. सॅक कोणी घ्यायची यावर पहिले भांडण. शेवटी निम्मी वाट यांनी, निम्मी मी, असे ठरले.

आधी वेणुवन. बिंबिसार राजाने भगवंतांना दान दिलेले हे उद्यान. बांबूची बेटे, मधोमध करंडक तलाव. सकाळी तिथे गर्दी नसते. यांची सवय पाच पावले पुढे चालायची. लग्न झाल्यापासून मी यांची पाठ बघत चालते आहे. वेणुवनात मी म्हटले, "अहो, आज माझ्या बरोबरीने चाला. पाय दुखला तर मला कळायला नको?" कारण पायाचे दिले, पण मनात दुसरेही होते.

गरम पाण्याच्या कुंडांवर थांबलो नाही. तिथून गृध्रकूटाचा पायथा चारपाच किलोमीटर. रस्ता डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात शिरतो. जुनी नगरी इथेच होती, चहूबाजूंनी डोंगर असलेली. डोंगरांच्या कडेने मोठमोठे दगड नुसते एकमेकांवर रचून केलेल्या तटबंदीचे अवशेष अजून दिसतात. चुना नाही, काही नाही. हे बराच वेळ बघत उभे राहिले. जन्मभर बांधकामावर काम केलेला माणूस. दगडावर दगड कसा बसवलाय, हे मला समजावून सांगत होते. बसमधून हे दिसत नाही.

पुढे बिंबिसाराचा तुरुंग म्हणून दाखवतात ती जागा. जाड दगडी भिंतींचा चौक, आत मोकळे मैदान. अजातशत्रूने बापाला इथे कोंडले, अन्न बंद केले. आत जायची परवानगी फक्त राणी कोसलादेवीला. अट्ठकथेत गोष्ट आहे ती सांगते. राणी पदरात अन्न लपवून नेई. ते पकडले, तर अंबाड्यात नेई. तेही पकडले, तर पादत्राणात. शेवटी अंगालाच मध-तूप वगैरे माखून गेली. मग तिचेही जाणे बंद केले. तरी राजा जगला. कशावर? चंक्रमणावर. कोठडीत शांत मनाने येरझाऱ्या घालत राहिला. हे मुलाला कळले तेव्हा त्याने न्हावी पाठवून बापाचे तळपाय कापवले.

मी हे सांगत होते आणि हे आपल्या बुटांकडे बघत होते. समोर दूरवर गृध्रकूट दिसत होता. कैदेतला राजा तिकडेच बघत बसे, असे सांगतात. आम्ही तिथेच भिंतीच्या सावलीत चपात्या खाल्ल्या. फारसे बोललो नाही.

जीवकाचे आम्रवन मात्र यांना भारी आवडले. आता आंबराई नाही, लंबगोल दगडी पाये तेवढे आहेत. जीवक म्हणजे जन्मताच उकिरड्यावर टाकलेले पोर. अभय राजकुमाराने वाढवले, तक्षशिलेला सात वर्षे शिकला आणि मगधाचा राजवैद्य झाला. देवदत्ताने गृध्रकूटावरून शिळा लोटली, तिची कपची भगवंतांच्या पायाला लागली, तेव्हा त्यांना इथेच आणले आणि जीवकाने पायावर औषध बांधले. विनयपिटकात आणखी एक आहे. वैशालीला भिक्खू गोडधोड जेवून आजारी पडू लागले, तेव्हा जीवकानेच भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमणाची परवानगी द्यावी. म्हणजे फिरायला जा असे सांगणारा डॉक्टर अडीच हजार वर्षांपूर्वीही होताच. हे म्हणाले, "आणि ऐकणारे पेशंटही माझ्यासारखेच असतील."

पायथ्याला रोपवे. एकेका माणसाची खुर्ची, चालत्या खुर्चीत पटकन बसायचे. यांची नजर तिकडे गेली. मी म्हटले, "खुर्चीत बसलात तर पुन्हा तुम्ही पुढे आणि मी मागे." गुपचूप चढायला लागले. ही वाट बिंबिसाराने भगवंतांच्या भेटीला जाण्यासाठी केली असे सांगतात. दर वीस मिनिटांनी बसायचे, घोटभर पाणी प्यायचे, हा आमचा नियम. वानरे सॅककडे बघत बसलेली, त्यामुळे ती पोटाशी धरून चाललो.

वर गिधाडाच्या चोचीसारखा पुढे आलेला खडक, खाली गुहा आणि माथ्यावर विटांचा चौथरा. चौथऱ्याशी पादत्राणे काढायची. इथे भगिनींनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. मधुमेह्याच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असते. फरशी तापलेली असली तरी त्याला चटका कळत नाही, फोड आला की मग कळते. आधी तुम्ही हात लावून बघा. यांना मी जाड मोजे घालूनच वर नेले. त्रिसरण-पंचशील म्हटले. मग हे कठड्याशी जाऊन खालचे खोरे बघू लागले. "एवढे आपण चाललो?" दोनदा विचारले.

तिथून पायऱ्यांनी विश्वशांती स्तूपापर्यंत चढलो. फुजी गुरुजींच्या प्रयत्नाने १९६९ साली झालेला हा पांढरा स्तूप सुंदर आहे, पण खरे सांगते, माझे मन गृध्रकूटावरच राहिले होते. परतताना खालून टांगा केला. खाजा घेतला, माझ्यापुरता.

संध्याकाळी खोलीत यांचे दोन्ही पाय कोमट पाण्याने धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, दिव्याखाली तळवे तपासले. एकही फोड नाही, साधी लालीसुद्धा नाही. मी सुटकेचा श्वास सोडला आणि माझी चप्पल काढली. माझ्या टाचेला हा एवढा फोड!

हे उठले, सॅकमधून मलम आणि पट्टी काढली, माझा पाय मांडीवर घेतला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. पट्टी वाकडी बांधली, पण मी बोलले नाही.

"नालंदा इथून किती?" त्यांनी विचारले.

"बारा-पंधरा किलोमीटर."

"मग पहाटे पाचलाच निघायला हवे."

"उद्या टांग्याने जायचे," मी म्हटले.