सड्याचा जमाखर्च

जमाखर्च लिहिता लिहिता आम्हास एक खोड लागली आहे. कोणी एखादी वस्तू फुकटची म्हटली, की तिची नोंद कोठे आहे ते आम्ही पाहतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले सडे असेच फुकटचे ठरले आहेत. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिले, की काम संपले. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण झाले, तेव्हाही 'नुसता कातळ तर आहे' म्हणणारे पुष्कळ भेटले.

नुसता कातळ? हिशेब करू. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे हेक्टरी ३ कोटी लिटर. पुष्कळसे वाहून समुद्राला मिळते. पण समजा, दहावा हिस्सा जांभ्यात मुरला, तरी १० हजार लिटरचे ३०० टँकर झाले. हेच पाणी सड्याखालच्या वाडीच्या झऱ्याला नि विहिरीला येते. टँकरचा भाव लावून गुणाकार घरी करा. गुरांचा चारा वेगळाच.

असा हिशेब सरकारी दप्तरालाही ठाऊक आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली, तर जंगलापासून मिळणाऱ्या लाभांची किंमत भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवली; २०२२ साली केंद्राने दर वाढवले. परंतु हा दर वनजमिनीचा. खाजगी सड्याला फक्त जमिनीचा भाव, आणि तोही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला.

येथेच आपला प्रश्न येतो. कसणाऱ्याला हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे बिल मांडले. आजही ज्या आयाबहिणी सड्यावरचे गवत कापून, खाडीतल्या तिसऱ्या-कालवे काढून घर चालवतात, त्यांतल्या कितीजणींचे नाव सातबाऱ्यावर आहे? सडा गेला तर नुकसान त्यांचे, मोबदला दुसऱ्याचा.

एक उपाय हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी लागते आणि तिने लोकांना विचारून नोंदवही करायची असते. ती वही मागून पाहा. झरा कोणता, किती महिने वाहतो, कोणत्या वाडीला पुरतो, गवत कोण कापते, हे ग्रामसभेत सांगून लिहून घ्या. या नोंदीने मालकी मिळत नाही. परंतु उद्या मोजणीदार आले, तर येथे कोण जगते हे दाखवणारा लेखी कागद आपल्यापाशी असेल.