फोन फुकट झाला, पण कोणाचा?

इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवांची तुलना करणारे तक्ते आजकाल जागोजागी वाचायला मिळतात. व्हॉट्सॲप बरे की टेलिग्राम, आवाज गुगल मीटचा स्पष्ट की झूमचा, कोणते ॲप किती डेटा खाते, कशात चित्र अडकते. तक्ता कोणाचाही असो, शेवटी निष्कर्ष एकच असतो: आता बोलणे फुकट झाले आहे. मला या निष्कर्षाशीच भांडायचे आहे.

हे तक्ते काही गोष्टी न बोलता गृहीत धरतात. फोन करणारा आणि घेणारा, दोघांकडे स्मार्टफोन आहे, दोघांना पडद्यावरचे वाचता येते आणि दोन्हीकडे नेट चालते. ज्या घरात हे नाही, ते घर तक्त्यात येतच नाही.

अशी घरे किती आहेत? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने मोबाइल कंपन्यांना बजावले की, ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले पॅक द्या. त्या वेळी साधा बटणांचा फोन वापरणाऱ्यांचा आकडा सुमारे १५ कोटी सांगितला गेला. अवसरी बुद्रुकमध्ये राहणाऱ्या माणसाला या आकड्याचे आश्चर्य वाटत नाही. मंचरच्या बाजारात बटाटा-कांदा घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खिसा बघा. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्यांमध्ये जाऊन बघा. आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या दादीच्या उशाखाली बघा. तोच फोन सापडेल. त्याचे चार्जिंग टिकते, पडला तरी फुटत नाही आणि हिरवे बटण दाबले की पलीकडचा माणूस बोलतो. तिला एवढेच हवे असते.

आता याच दादीचा नातू परदेशात आहे असे समजा. आमच्या आंबेगाव-जुन्नरमधून आखातात जाणारे मोजकेच, पण कोकणात म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड, खेड, चिपळूण इथल्या मुस्लिम घरांत ही वाट पिढ्यांची आहे. दुबई, कुवेत, दम्माम ही नावे तिथल्या लहान पोरांनाही तोंडपाठ असतात. या घरांनी दूरच्या माणसाशी बोलण्याचे सगळे मार्ग वापरून झाले आहेत. आधी उर्दूतली पत्रे होती. अम्मीला वाचता येत नसेल तर मदरशातला मुलगा किंवा शेजारची शिकलेली मुलगी वाचून दाखवी. मग येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती आवाज भरलेली कॅसेट येऊ लागली, तिथे वाचण्याची गरजच उरली नाही. मग एसटीडी बूथ आले आणि बूथवाला पोराला पिटाळून घरी निरोप देऊ लागला, 'दहा मिनिटांनी फोन येतोय, चला.' या प्रत्येक वेळी सोय अम्मीपर्यंत चालत गेली. आता प्रथमच उलटे सांगितले जात आहे: अम्मी, तूच बदल, नाहीतर बोलू नकोस.

'तिला एक स्मार्टफोन घेऊन द्या, विषय संपला,' हे उत्तर मी शिकलेल्या माणसांकडूनच जास्त ऐकतो. फोन घेऊन देता येतो, पण मोतीबिंदू झालेले डोळे कुठून बदलून आणणार? दर महिन्याचा डेटाचा खर्च, अपडेट मागणारे ॲप, लिंकवर बोट पडले की बँकेतले पैसे जाण्याची भीती, हे सगळे त्या फोनबरोबर घरात येते. सत्तरीतल्या बाईने हे नको म्हटले तर ते तिचे अडाणीपण नाही. तिने विचार करूनच नको म्हटलेले असते.

मग नातवाने काय करावे? त्याच्याकडे नेट आहे, तिच्याकडे साधा फोन. ॲपवरून थेट साध्या फोनवर बोलता यावे, हीच त्याची गरज. ही सोय देणारे सर्वांत मोठे नाव स्काइप होते. २००३ मध्ये सुरू झालेले स्काइप २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ५ मे २०२५ रोजी बंद केले. इतर काही कंपन्या ही सेवा देतात, पण तिथेही तो अडखळतोच. ॲपवरून आलेला नंबर घरी अनोळखी दिसतो आणि परदेशी अनोळखी नंबर उचलू नका असे सरकारच सांगते. भारतीय नंबरचा मुखवटा घालून परदेशातून येणारे खोटे कॉल अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. फसवणूक थांबायलाच हवी. पण नातवाचा खरा कॉल घरात ओळखू यावा, यासाठी कोणी काही केले का?

दुसरी अडचण पैशाची आहे आणि ती कोणत्याच तक्त्यात नसते. देशातल्या देशात एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीने उतरवून घेण्याचे शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे. परदेशातून आलेला कॉल उतरवून घेण्यासाठी मात्र २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे घेण्याची मुभा कंपन्यांना दिली गेली. म्हणजे समुद्र ओलांडण्याचा खर्च इंटरनेटने जवळजवळ पुसून टाकला, पण घराच्या उंबऱ्यावर नाका उभा राहिला. या नाक्याला चुकवूनच बेकायदा एक्स्चेंज चालतात. कॉल इंटरनेटवरून इथल्या एखाद्या खोलीत येतो आणि शेकडो सिमकार्डांच्या यंत्रातून स्थानिक कॉल बनून बाहेर पडतो. हा गुन्हा आहे आणि त्याला माझे समर्थन नाही. पण पकडलेल्याचे आडनाव बघून बातमीचा मथळा ठरतो आणि शिक्षा साऱ्या मोहल्ल्याला होते. स्वस्त आणि कायदेशीर रस्ता असता तर या धंद्याला गिऱ्हाईक मिळाले असते का?

तिकडचे सरकारही कमी नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे बोलणे बंद आहे. परवानगी असलेली ॲप वापरा, असे सांगितले जाते. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सरकारी भागीदारीच्या कंपनीने अशा बोलण्यासाठी महिना ५० दिरहमचा पॅक आणला. सौदीने सप्टेंबर २०१७ मध्ये आपली बंदी उठवली, तेव्हा तिथल्या कामगारांना झालेला आनंद ज्याचा भाऊ तिथे आहे त्यालाच समजेल.

आणि आपले उद्योजक? त्यांना दुसरे व्हॉट्सॲप काढायचे असते. हाइक २०१२ मध्ये आले आणि जानेवारी २०२१ मध्ये बंद पडले. २०२५ च्या शरदात अरट्टाईची लाट आली आणि चर्चा फक्त देशी-विदेशीची झाली. देशी ॲपचे मला स्वागतच आहे. पण तेही दोन्ही टोकांना स्मार्टफोन मागत असेल तर दादीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच.

'गरिबाच्या मागे लागून धंदा होत नाही,' असे म्हणणाऱ्यांनी नीट हिशेब करावा. इथे पैसे दादी देणार नाही. पैसे देणारा नातू दिरहम आणि रियाल कमावतो आणि घरच्या आवाजासाठी तो आधी खर्च करतो. स्वीडनची रेबटेल ही कंपनी २००६ पासून अशाच स्थलांतरितांच्या जिवावर उभी आहे. स्वीडनला ही गरज दिसली आणि आपल्याला दिसत नाही, याची मला चीड येते.

नातवाने महिन्याचे ठरावीक पैसे भरावेत. दादीच्या फोनवर नेहमी तोच, तिच्या ओळखीचा नंबर दिसावा. तिने त्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की नातवाचे ॲप वाजावे. फोन राहून गेला तर निरोप मराठीत, उर्दूत किंवा घरच्या दखनीत ऐकू यावा. यात अशक्य काय आहे? मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय सुरू केली आणि त्यात मिस्ड कॉलचाही मार्ग ठेवला. पैसा साध्या फोनवरून जाऊ शकतो, तर आवाजाची वाट का अडावी?

सरकारी कंपनीने याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट करून पाहिली होती. जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने विंग्ज नावाची सेवा जाहीर केली. वर्षाला १,०९९ रुपयांत, सिमशिवाय, इंटरनेटवरून देशातल्या कोणत्याही फोनशी बोला. कल्पना उत्तम होती. म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर तिचा एखादा फलक लागल्याचे कोणाला आठवते का?

इंटरनेट सर्वांना समान मिळावे म्हणून २०१५ मध्ये ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि ती लढाई जिंकली गेली, हे चांगलेच झाले. पण ज्याच्याकडे ईमेल नाही त्याच्या वतीने एकही मोर्चा निघालेला नाही.

शेजारच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींना माझे सांगणे आहे, प्रकल्पासाठी पुन्हा एक चॅट ॲप करू नका, हे करून पाहा. समाजातल्या पैसेवाल्यांना सांगणे आहे, परवान्याला आणि यंत्रणेला भांडवल लागते, ते द्या आणि नफाही कमवा. आणि ट्रायला सांगणे आहे, आपल्या कामगारांच्या घरच्या कॉलवरचा हा नाका काढा.

आपल्यात मय्यत झाली की दफनाला फार थांबत नाहीत. परदेशातला मुलगा विमानाने पोहोचेलच असे नसते. अनेकदा त्याच्या वाट्याला फक्त शेवटचे बोललेले शब्द येतात. ते शब्द बोलायचे राहून जाण्याचे कारण आईकडे साधा फोन होता, हे असू नये.