अर्थ सांगा, मग गुण घ्या

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतला आठवीतला एक मुलगा माझ्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस." पंचेचाळीस अक्षरांचा इंग्रजी शब्द, पण पोरगं कुठंही अडखळलं नाही. सामान्यज्ञानाच्या एका स्पर्धेत 'इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता' या प्रश्नाला त्यानं हेच उत्तर दिलं होतं आणि बक्षीस आणलं होतं. त्याची आई कौतुकानं माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, "अर्थ काय रे त्याचा?"

"फुप्फुसाचा रोग, बाई."

"कशानं होतो?"

"ते विचारलं नव्हतं."

तो रोग मी घरात पाहिला आहे. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, कास्टिंग निवलं की साचा फोडायचा, मग फेटलिंगला ग्राइंडर लावून चिकटलेली वाळू काढायची. साचा फोडताना आणि ग्राइंडर चालताना जी धूळ उडते ती डोळ्यांना नीट दिसतही नाही. पन्नाशीच्या आतच त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. काही वर्षं क्षयाची औषधं झाली. मग एका डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे उजेडापुढं धरला आणि कागदावर एक शब्द लिहिला: सिलिकोसिस.

मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेऊन शिकत होते. घरात सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला तो शब्द येत नव्हता. कॉलेजच्या वाचनालयात जाऊन मोठी डिक्शनरी उघडली. वाळूतल्या सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते, तिथं व्रण धरतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या परिशिष्टात या रोगाचं नाव होतं, म्हणजे असा रुग्ण आढळला की सरकारदरबारी कळवावं लागायचं, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. वडिलांच्या आजाराची तशी नोंद कुठंच झाली नाही. आम्ही ती मागितलीही नाही, कारण त्या शब्दानं आपल्याला काय मिळू शकतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि आठवीतल्या मुलानं म्हणून दाखवलेला तो पंचेचाळीस अक्षरांचा शब्द याच रोगाचा आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम जुळवला. सर्वांत लांब शब्द व्हावा एवढाच हेतू. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं तो छापला आणि पुढं तो शब्दकोशांतही गेला. डॉक्टर तो वापरत नाहीत. त्यांना नऊ अक्षरांचा सिलिकोसिस पुरतो.

त्या दिवशी मी मुलाला पाटीजवळ बसवलं. म्हटलं, मराठीच्या तासाला समासाचा विग्रह करता ना? 'किंकर्तव्यविमूढ' कसा सोडवता? किम्, कर्तव्य, विमूढ: काय करावं हे न सुचलेला. इंग्रजीचा लांब शब्दही तसाच सोडवायचा. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस. अल्ट्रा म्हणजे पलीकडचं, मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारं. सिलिको म्हणजे वाळूतलं सिलिका, व्होल्कॅनो ज्वालामुखी. कोनि हा ग्रीक शब्द, अर्थ धूळ. ओसिस म्हणजे विकार. सात तुकडे झाले आणि मुलगा आपणहून म्हणाला, "म्हणजे धुळीनं होतो." घोकताना जे सुटलं होतं ते दहा मिनिटांत त्याचं त्यालाच सापडलं. शिवाय त्यातले तीन-चार तुकडे त्याला पुढं जन्मभर उपयोगी पडतील. मायक्रोस्कोप, न्यूमोनिया, अल्ट्रासाउंड ही नावं त्यानं तिथल्या तिथं जोडली.

बाकीच्या प्रसिद्ध लांब शब्दांचंही असंच आहे. अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, अठ्ठावीस अक्षरं. मुलं तो म्हणतात, पण त्यात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा एक मोठा वाद बसलेला आहे. चर्च ऑफ इंग्लंडला असलेला सरकारी दर्जा काढून घ्यावा असं एक पक्ष म्हणत होता, आणि तो काढायला ज्यांचा विरोध होता त्यांची ही भूमिका. शशी थरूर यांनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या पुस्तकाची घोषणा करताना फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन हा एकोणतीस अक्षरांचा शब्द वापरला, तेव्हा आपल्याकडं आठवडाभर तो तोंडातोंडी होता. क्षुल्लक या अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढं एक लावून तो झाला. त्यात लोकरीचं पुंजकं आहे, केस आहे, शून्यही आहे. आपण 'कस्पटासमान लेखणं' म्हणतो, तेच.

गंमत म्हणजे यातला एकही शब्द स्क्रॅबल या अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द करण्याच्या खेळाच्या पटावर मावत नाही. पटाची बाजू पंधरा घरांची असते. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला, आणि वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून त्यानं या खेळातल्या टाइल्सची संख्या आणि गुण ठरवले. शंभर टाइल्समध्ये ई बारा, एस फक्त चार. खेळाडूला खरी गरज असते सात-आठ अक्षरांच्या शब्दांची, कारण हातातल्या सातही टाइल्स एका खेळीत लागल्या की पन्नास गुण जास्तीचे मिळतात.

मी रविवारी मुलांना घेऊन खेळते तेव्हा असेच शब्द हाताशी ठेवते. स्वरच स्वर आले की मुलं हताश होतात. त्यांना मी इटेरिओ शिकवला: दोन ई, ए, आय, ओ आणि जोडीला टी, आर. पहिल्याच खेळीला लावला तर दुप्पट होऊन चौदा, वर पन्नास, एकूण चौसष्ट गुण. पण शब्द लावण्याआधी मी सीताफळ फोडून पुढ्यात ठेवलं होतं. एकाच फुलातल्या अनेक सुट्या बीजकोशांचं मिळून जे फळ होतं त्याला वनस्पतिशास्त्रात इटेरिओ म्हणतात. प्रत्येक गर म्हणजे एकेक छोटं फळ. तो शब्द आता कुणीही विसरत नाही. दुसरा, मंगूस. हा तर आपल्याच मुंगसावरून इंग्रजीत गेला. म्हणूनच त्याचं अनेकवचन गूसप्रमाणे गीस न होता मंगूसेस होतं. मराठी शब्दाला इंग्रजी व्याकरणानं वेगळी वाट करून दिली, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

यावर एक जाणता खेळाडू मला म्हणाला की बाई, स्पर्धेत अर्थ लागत नाही. ते खरं आहे. नियमात अर्थाला जागा नाही. स्क्रॅबलसाठीच्या कॉलिन्स शब्दकोशाच्या अधिकृत यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत, ते सगळे अर्थासकट शिकायचे तर आयुष्य पुरणार नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद जिंकलं, फ्रेंच बोलता येत नसताना, जेमतेम नऊ आठवडे शब्दकोश पाठ करून. त्या स्मरणशक्तीपुढं मी मान झुकवते. जागतिक पातळीवर खेळणाऱ्यानं याद्या पाठ कराव्यात, ती त्याची तालीम आहे.

पण आपल्या गल्लीतली मुलं विश्वविजेतेपदासाठी खेळत नाहीत. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्द मुळात कमी भेटतात, आणि एका शब्दापाशी दहा मिनिटं थांबून बसायला मिळण्याची जागा खेळाइतकी दुसरी नाही. वर्गात अभ्यासक्रम मागं लागलेला असतो, परीक्षेत घड्याळ. ही एक जागाही आपण पाठांतराला देऊन टाकली तर पुढं कधीतरी डॉक्टरांच्या कागदावरचा, बँकेच्या करारातला, विम्याच्या पॉलिसीतला शब्द समोर येईल आणि मूल तो बिनचूक वाचेल, एवढंच.

आमच्याकडं म्हणून नियम केला आहे. लावलेल्या शब्दाचा अर्थ मराठीत सांगायचा, चुकला तर डिक्शनरीत बघून सांगायचा, तोवर गुण मांडायचे नाहीत. खेळ मंदावतो, तासाला एकच डाव होतो. मागच्या महिन्यात त्याच मुलानं पटावर आधीच पडलेली दोन अक्षरं धरून सिलिकोसिस लावला. पेटीतल्या चारपैकी तीन एस त्यात गेले. गुण मागण्याआधी त्यानं धूळ, फाउंड्री, तोंडाला बांधायचा मास्क, सगळं सांगितलं.

शाळांना, वाचनालयांना आणि सामान्यज्ञानाच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. 'सर्वांत लांब इंग्रजी शब्द कोणता' हा प्रश्न जरूर विचारा. त्याच्या खाली आणखी एक ओळ छापा: या शब्दाचा अर्थ स्वतःच्या भाषेत लिहा. आणि दोन्ही प्रश्नांना गुण सारखे ठेवा.