तबकडीची तसबीर

दिवाळीच्या चार दिवसांत शहरातला माणूस वर्षभराची उधारी फेडल्यासारखा आकाशाकडे पाहून घेतो. एरवी त्याची नजर पायाखालच्या खड्ड्यांत, नाहीतर हातातल्या मोबाइलात. पण आकाशकंदील टांगायचा म्हणजे मान वर करावीच लागते. बाण सोडला की तो कुठवर गेला, हेही पाहावेच लागते. आणि एकदा मान वर झाली की अशा काही गोष्टी दिसू लागतात, ज्यांची नोंद पंचांगातही नसते आणि सोसायटीच्या वहीतही नसते. मग गच्चीवर एकच गलका होतो, ‘अरे, ते बघ काय!’ दहा हातांत दहा मोबाइल उभे राहतात. दुसऱ्या दिवशी फराळाच्या ताटाबरोबर तो फोटोही घरोघर फिरतो. त्यात असते काय? काळ्या फळ्यावर खडूचा एक ठिपका!

वाचकहो, या ठिपक्याला हसणे सोपे आहे. पण आकाशात काही अनोळखी दिसले, तर त्याची तसबीर काढावी कशी आणि कोणत्या कॅमेऱ्याने, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

‘उडती तबकडी’ ही मुळात एका उपमेच्या गोंधळातून जन्माला आली, हे सांगताना मराठीच्या मास्तराला विशेष आनंद होतो. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा अमेरिकन वैमानिक आपले छोटे विमान घेऊन माउंट रेनियर पर्वताजवळून चालला होता. त्याला नऊ चकचकीत वस्तू रांगेने, भयंकर वेगाने जाताना दिसल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना त्याने बशीची उपमा दिली. पाण्यावर बशी तिरपी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते, तशा. उपमा होती गतीची. वर्तमानपत्रांनी ती करून टाकली आकाराची. उपमेय बाजूला राहिले आणि उपमानच उडू लागले! पुढे जगभर लोकांना बशाच दिसू लागल्या, आणि आपण मराठीत त्यांना जरा मोठ्या करून तबकड्या केल्या.

अमेरिकेच्या हवाई दलाने या प्रकरणाची चौकशी १९६९ पर्यंत चालवली. १९४७ पासूनच्या १२,६१८ नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ७०१ प्रसंगांत वस्तूची ओळख पटली नाही. ‘ओळख पटली नाही’ याचा अर्थ ‘परग्रहावरून पाहुणे आले’ असा नव्हे. परीक्षेत एखाद्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर त्यावरून प्रश्नाविषयी नव्हे, परीक्षार्थीविषयी काही कळते. तसेच हे. आणि बऱ्याच वेळा उत्तर कोरे राहण्याचे कारण एकच असते : पुरावा तोकडा पडतो.

आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाची गोष्ट अशीच आहे. पोरगा कॉलेजात शिकतो. गेल्या वर्षी त्याने गॅलरीतून दोन फोटो काढले. पहिल्यात समोरच्या इमारतीवर तरंगणारी हिरवट चकती, दुसऱ्यात काळोखात एक पांढरा ठिपका. हौसेने त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि काका, आत्या, मावश्या सगळ्यांनी मिळून त्याची अशी काही टर उडवली की त्याने नंतर चंद्राचासुद्धा फोटो कुणाला दाखवला नाही. यंदा बहीण म्हणाली, “दादा, तूच सांग याला काहीतरी. साठवलेले सगळे पैसे घालून तोफेएवढा कॅमेरा घ्यायचा म्हणतोय.”

पोराने विचारले, “मामा, तू तरी हसणार नाहीस ना?”

मी हसलो नाही. पहिल्या फोटोवर पट्टी ठेवली. फोटोच्या एका कोपऱ्याजवळ रस्त्यावरचा दिवा होता. दिव्यापासून फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढली, ती पलीकडे थेट हिरव्या चकतीवर जाऊन थांबली. भिंगांच्या आतल्या आत प्रकाश उलटसुलट परावर्तित होतो, त्याचे हे भूत. कॅमेरा जरा हलवला की तेही जागा सोडते. पोराचा चेहरा पडला नाही, उलट उजळला. उत्तर मिळाले की जिज्ञासू माणसाला अपमान वाटत नाही. दुसऱ्या फोटोबद्दल मात्र मला काहीच सांगता येईना. चौकटीत ना इमारत, ना झाड, ना तारा. तो ठिपका विमान असेल, शुक्र असेल, ड्रोन असेल, किंवा खरोखरच काही निराळे असेल. तो प्रश्न आता कायमचा अनुत्तरित राहिला. हसण्यापेक्षा ही गोष्ट मला अधिक चुटपुट लावून गेली.

याच्या उलट एक जुने उदाहरण पाहा. ११ मे १९५० रोजी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, मॅकमिनव्हिल गावाजवळच्या शेतावर राहणाऱ्या एका जोडप्याने अंगणातून तबकडीचे दोन फोटो काढले. कॅमेरा घरगुती, घडीचा. जून महिन्यात ते स्थानिक वर्तमानपत्रात आणि मग ‘लाइफ’ साप्ताहिकातही छापून आले. पुढे कोलोरॅडो विद्यापीठाच्या समितीने १९६६ ते १९६८ या काळात तबकड्यांची जी चौकशी केली, तीत या निगेटिव्ह तपासल्या गेल्या आणि तपासणाऱ्याने साक्षीदारांच्या बाजूने झुकणारे मत दिले. नंतरच्या संशयी अभ्यासकांनी त्याच फोटोतल्या गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्या मोजल्या आणि म्हटले, की फोटो संध्याकाळचे सांगता, पण सावल्या सकाळच्या आहेत. शिवाय वर तारा दिसतात, त्यांना छोटी प्रतिकृती टांगलेली असावी. दोन्ही पक्ष अजून आपापल्या जागी आहेत. पण भांडायला काहीतरी हाती राहिले, ते कशामुळे? मूळ निगेटिव्ह जपल्या गेल्या, आणि चौकटीत तबकडीबरोबर गॅरेज होते, खांब होता, तारा होत्या, यामुळे.

अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, म्हणून द्रोणाचार्यांनी त्याची पाठ थोपटली. धनुर्विद्येत ते ठीक. तबकडीच्या फोटोग्राफरने मात्र झाडही दाखवावे आणि फांदीही. दिशा, उंची, वेग ही सारी मोजमापे त्या झाडावरूनच निघतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. पहिला मुद्दा आकाराचा. पूर्ण चंद्र आपल्याला ताटाएवढा वाटतो, पण डोळ्याशी तो जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगातून त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पडते. ५०० मिलिमीटरच्या भिंगातून साधारण साडेचार मिलिमीटर. तीस मीटर लांबीचे विमान दहा किलोमीटरवर असेल, तर ते चंद्राच्या एक तृतीयांशाएवढेच दिसते. मोबाइलच्या चिमुकल्या भिंगात त्याचा ठिपका होतो यात मोबाइलचा दोष नाही. बोटांनी चिमटा काढून तो ठिपका मोठा करण्यात काही अर्थ नाही; खडूचा ठिपका मोठा होतो, एवढेच.

म्हणून भिंग बदलता येणारा साधा, वापरलेलासुद्धा, कॅमेरा आणि ७० ते ३०० मिलिमीटरचे झूम भिंग एवढे मध्यमवर्गीय खिशाला पुरे. तोफ नको. फार लांब पल्ल्याच्या भिंगातून आकाशातली हलती वस्तू शोधणे म्हणजे बोरू धरून माशी टिपणे. आधी रुंद चौकटीत परिसरासह दोन फोटो काढावेत, मग झूम वाढवावा.

दुसरा मुद्दा स्थैर्याचा. कॅमेऱ्यावर दहा हजार जास्त घालण्यापेक्षा त्यातले काही चांगल्या ट्रायपॉडवर घालावेत. तो नसेल तर फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा लक्षात ठेवावा : भिंग ३०० मिलिमीटरचे, तर शटर सेकंदाच्या एक तीनशेअंशाहून संथ नको. हात थरथरला की स्थिर ताऱ्याचीही सळसळती नागीण होते, आणि मग ‘ते वेडेवाकडे पळत होते’ अशी साक्ष द्यायला आपण मोकळे!

तिसरा मुद्दा फोकसचा, आणि घात बहुधा इथेच होतो. अंधारात कॅमेऱ्याचा आपोआप फोकस आंधळ्या कोशिंबिरीसारखा चाचपडत राहतो. फोकस चुकलेला प्रकाशबिंदू बिंदू राहत नाही; त्याची चकती होते, आणि त्या चकतीला प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा आकार येतो. छिद्र त्रिकोणी, तर तबकडीही त्रिकोणी. अमेरिकेच्या नौदलाच्या चित्रफितींत असे हिरवे त्रिकोण दिसले आणि मोठी खळबळ उडाली. मे २०२२ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या उपसंचालकांनी सांगितले, की तो त्रिकोण रात्रदर्शक उपकरणातून कॅमेऱ्यात शिरलेल्या प्रकाशाचा परिणाम होता, आणि वस्तू ड्रोनसारख्या होत्या. म्हणून आपोआप फोकस बंद करावा, एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस जुळवावा आणि मग तिथून हलवू नये. खिडकीच्या काचेतून फोटो काढू नये. घरातल्या ट्यूबलाइटची तबकडी व्हायला वेळ लागत नाही.

चौथा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा : दुसरा साक्षीदार. एक किलोमीटर अंतरावर राहणाऱ्या मित्राला फोन करून सांगावे, ‘तूही आत्ता काढ.’ दोन फोटोंत मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत वस्तू सुमारे सहा अंशांनी सरकलेली दिसली, तर ती साधारण साडेनऊ किलोमीटरवर आहे. मुळीच सरकली नाही, तर फार फार दूर. शाळेतल्या त्रिकोणमितीचा आयुष्यात उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलांना हे अवश्य सांगावे.

नॉर्वेतल्या हेस्डालेन खोऱ्यात १९८१ च्या अखेरीपासून विचित्र दिवे दिसू लागले, तेव्हा तिथल्या मंडळींनी नुसता गलका केला नाही. १९८४ च्या ऐन हिवाळ्यात कॅमेरे, रडार आणि इतर उपकरणे घेऊन ती बर्फात पहाऱ्याला बसली. काही कॅमेऱ्यांच्या भिंगांपुढे प्रकाशाचे सप्तरंगी पृथक्करण करणारी जाळी लावली होती. तिच्यामुळे प्रकाश कशाचा असावा याचा माग लागू शकतो. १९९८ पासून तिथे स्वयंचलित निरीक्षण केंद्रही आले. अनेक दिवे मोटारींचे आणि विमानांचे निघाले. काहींचे कोडे उरले. पण ते उरले मोजमाप होऊन.

आणि हे सगळे परदेशातच घडते असे नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली आणि मोबाइलवर टिपली. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा उरलेला टप्पा वातावरणात शिरून जळाला, असा निष्कर्ष जाणकारांनी काढला. ते कडे कुणाच्या छपरावर पडते तर? आकाशातली ओळख पटवणे हा नेहमीच रिकामटेकड्यांचा उद्योग नसतो.

फोटो काढल्यावरची पथ्येही थोडकी आहेत. वेळ, जागा आणि दिशा लगेच वहीत लिहावी. मूळ फाइल कापू नये, उजळवू नये. ग्रुपवर फोटो म्हणून पाठवताना तिची छाटणी होते आणि आतली वेळेची नोंद गळते. मूळ प्रत निराळी जपावी. मग विमानांचे मार्ग दाखवणारे ॲप, ग्रहताऱ्यांचे ॲप, उपग्रहांच्या वेळा पाहाव्यात. माळेतल्या दिव्यांसारखे ओळीने जाणारे ठिपके दिसले, तर ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह. २०१९ पासून त्यांच्या वराती निघत आहेत. आज चार शब्द टंकून यंत्राकडून हवी तशी तबकडी काढून घेता येते. त्यामुळे सुंदर फोटोची किंमत उतरली आहे आणि प्रामाणिक फोटोची वाढली आहे.

आमच्या अलंकारशास्त्रात दोन शेजारी राहतात. दोरीला साप समजून पळ काढणे, हा भ्रांतिमान. ‘हा साप की ही दोरी?’ असे म्हणून क्षणभर थबकणे, हा ससंदेह. ठिपका दिसताच ‘परग्रहवासी आले’ म्हणणारा भ्रांतिमानात सापडतो, यात शंका नाही. पण न पाहताच ‘छे, काही नाही, बाणच असेल’ म्हणून पोराला गप्प करणारे काकाही तिथलेच रहिवासी आहेत! भाचा यंदा वापरलेला कॅमेरा आणि नवा ट्रायपॉड घेणार आहे. ससंदेहाच्या बिऱ्हाडाला लागणारे सामान एवढेच. घरात कुणी असा फोटो घेऊन आले, तर हसण्याआधी पट्टी आणि पेन्सिल मागवा. बहुतेक वेळा दिवा निघेल, विमान निघेल, शुक्र निघेल. क्वचित काहीच निघणार नाही. तेव्हा ‘ओळख पटली नाही’ एवढेच लिहून खाली तारीख घाला.