यात्राकाळ आणि कर्जाचे घर

कार्तिकी पौर्णिमेपासून पालिताण्याची यात्रा पुन्हा सुरू होते, आणि जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील श्रावक कुटुंबांत नव्वाणू यात्रेचे बेत ठरू लागतात. कोणी यात्रेनंतर परगावी मुलांकडे राहून येतात. दुकान भाऊबंद सांभाळतात. घर मात्र बंद राहते. लेण्याद्री, ओझर, शिवनेरी आणि भीमाशंकर यांमुळे जुन्नर-आंबेगावात बाहेरच्या लोकांची वर्दळ असते. तेव्हा घर काही महिने भाड्याने द्यावे व त्यातून कर्जाचा हप्ता निघावा, हा विचार व्यवहाराला धरूनच आहे. मात्र ते घर बँकेकडे तारण आहे, हे विसरून चालत नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे कलम ६५-अ तारण मालमत्ता ताब्यात असलेल्या कर्जदारास ती भाडेपट्ट्याने देण्याचा अधिकार देते. इमारतीच्या बाबतीत मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. परंतु तारणाच्या करारात वेगळी अट असल्यास ती अटच चालते. गृहकर्जाच्या करारात बँकेच्या लेखी पूर्वसंमतीची अट बहुधा असते. ती मोडल्यास करारभंग होतो, आणि कराराप्रमाणे बँक उर्वरित सर्व रक्कम एकदम मागू शकते. दुकानाचे कॅश क्रेडिटही त्याच शाखेत असेल, तर चार महिन्यांच्या भाड्यासाठी पिढीजात पत पणास लागते.

प्राप्तिकराचाही विचार हवा. वर्षातील काही काळ जरी घर भाड्याने दिले, तरी त्या वर्षापुरती ‘स्वतःच्या वापरातील घर’ ही सवलत मिळत नाही. भाडे उत्पन्नात दाखवावे लागते. त्यातून भरलेला घरपट्टी कर, ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाचे व्याज नियमानुसार वजा होते.

म्हणून निघण्यापूर्वी कर्जाचा करारनामा काढून वाचावा. भाडेकरू कोण, मुदत किती, हे नमूद करून शाखेस अर्ज द्यावा व संमती लेखी घ्यावी. शाखाधिकाऱ्याचा तोंडी होकार बदलीबरोबर निघून जातो. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा, पोलीस ठाण्यास भाडेकरूची माहिती द्यावी आणि घराच्या विमा कंपनीस कळवावे. दिवसाच्या हिशोबाने पर्यटकांना खोल्या देणे हा निवासी भाड्याहून निराळा, धंद्याचा वापर ठरू शकतो. त्याची परवानगी स्वतंत्रपणे विचारावी.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. स्वतः राहण्याचा इरादा नसताना ‘स्वतःच्या निवासासाठी’ असे लिहून देणे हा त्यातलाच प्रकार. मात्र प्रामाणिकपणे राहत्या घरातून काही काळ बाहेर जाणे आणि ते बँकेस आधी कळवणे यात दोष नाही. यात्रेला निघताना देणी-घेणी मिटवून क्षमायाचना करण्याची आपली रीत आहे. त्या तयारीत बँकेच्या संमतिपत्राचीही भर घालावी.